नव्या फोनमध्ये काय आलं ते कळलं, काय गेलं तेही छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या तंत्रज्ञान पानावर सॅमसंगच्या गॅलेक्सी ए५६ ची आणि त्याच्या आधीच्या ए५५ ची तुलना वाचली. शेजारी शेजारी दोन रकाने, खाली दहापैकी गुण आणि शेवटी 'ए५५ असेल तर बदलायची घाई नको' असा निर्वाळा. माझं चिपळूणच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी फोन विकत नाही, उघडतो. कुठलाही खपला तरी मला सारखाच. पडले की दोन्ही माझ्याच टेबलावर येतात.

पहिली तक्रार त्या निर्वाळ्याबद्दलच. गेल्या वर्षी चाळीस हजार मोजलेला माणूस यंदा पुन्हा बेचाळीस हजार घेऊन दुकानात जातो, असं निदान आमच्याकडे तरी होत नाही. माझ्याकडे विचारायला येतो तो वेगळाच. त्याच्या हातातला फोन पाच वर्षांचा असतो, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं असतं आणि बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग जॅक असा सगळा खर्च ऐकून तो म्हणतो, "जाऊ दे भाऊ, आता नवीनच घेतो. पण हा घेऊ की गेल्या वर्षीचा? तो उतरलाय ना आता." गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की हा प्रश्न रोज कानावर पडतो, कारण आईवडिलांना फोन द्यायचा असतो आणि बजेट ठरलेलं असतं. या गिऱ्हाइकाला तुमच्या तक्त्यातून उत्तर मिळत नाही.

मिळणार तरी कसं? तुम्ही ए५५ ची किंमत ३९,९९९ धरली आहे आणि ए५६ ची ४१,९९९. दोन्ही बाजारात आले त्या दिवसाच्या, ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणीच्या. कागदावर फरक दोन हजारांचा. पण ए५५ आला मार्च २०२४ मध्ये. आज ऑक्टोबर २०२५ मध्ये तो त्या भावाने कोण घेतंय? नवा आला की जुना उतरतो, आणि सणाच्या ऑफरमध्ये आणखी उतरतो. तुलना करायची तर आजच्या भावाची आजच्या भावाशी करा.

बाकी तक्ता बरोबर आहे. पडदा ६.६ इंचांवरून ६.७ झाला, उन्हात जरा जास्त उजळ दिसतो. वजन २१३ ग्रॅमवरून १९८ वर आलं, ते हातात लगेच जाणवतं. प्रोसेसर एक्सिनॉस १४८० चा १५८० झाला. व्हॉट्सॲप, यूपीआय आणि यूट्यूब यांपलीकडे न जाणाऱ्याला तो कळणारही नाही, गेम खेळणाऱ्या पोराला कळेल. चार्जिंग २५ वॅटचं ४५ झालं, पण चार्जर याच्याही खोक्यात नाही आणि त्याच्याही नव्हता. घरातल्या जुन्या चार्जरवर लावलात तर तो आपल्या जुन्याच चालीने भरणार. सेल्फी कॅमेरा ३२ मेगापिक्सेलचा १२ झाला म्हणून काही गिऱ्हाइकं बिचकतात. दुकानात दोन्हींनी फोटो काढून शेजारी ठेवतो. आकडा झाकला तर कोणता कुठला ते बहुतेकांना ओळखता येत नाही.

आता त्या तक्त्यातली शेवटून दुसरी ओळ. 'मेमरी कार्ड : आहे / नाही.' बस, एवढंच. त्यावर एक शब्द नाही, गुणही कापलेले नाहीत. ए५५ च्या सिमच्या ट्रेमध्ये दुसऱ्या सिमच्या जागी एक टीबीपर्यंतचं कार्ड बसतं. ए५६ मधून ती जागा काढून टाकली. त्याच मालिकेतल्या ए३६ मधूनही गेली. गंमत म्हणजे २०२५ मध्येच याच कंपनीने आणलेल्या स्वस्त ए२६ मध्ये मात्र ती ठेवली आहे. म्हणजे जागा नव्हती म्हणून काढली असं म्हणायला वाव नाही.

कार्डाचं मोल मला कसं कळलं ते सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझं दुकानही त्यात गेलं. पाणी उतरल्यावर लोक चिखलाने माखलेले फोन पिशवीतून घेऊन यायचे. फोन चालू करून द्या, असं म्हणणारे थोडे होते. बहुतेकांना आतले फोटो हवे होते आणि तेही आठवणींसाठी नव्हे. पंचनामे चालले होते, विम्याचे अर्ज भरायचे होते, आणि दुकानातल्या मालाचे, बिलांचे, गाडीच्या कागदांचे फोटो त्या फोनमध्ये होते. मूळ कागद तर लगद्यासारखे झालेले.

ट्रे आत चिखलाने चिकटलेला असायचा. पिन घालून तो बाहेर काढायचा, कार्डावरची माती मऊ ब्रशने झाडायची, आयपीएमध्ये (लगेच उडून जाणाऱ्या अल्कोहोलमध्ये) कापूस बुडवून सोनेरी पट्ट्या पुसायच्या, सुकू द्यायचं आणि रीडरमध्ये घालायचं. बहुतेक कार्डं उघडली. फोन मेला तरी कार्ड जिवंत. एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याने माझ्या टेबलाशी उभं राहून एकेक बिल मोठं करून पाहिलं आणि तिथूनच मुलाला पाठवत राहिला.

ज्यांचं सगळं फोनच्या पोटात होतं त्यांना मात्र नाही म्हणून सांगावं लागलं. लोकांना वाटतं, आतली चिप काढून दुसरीकडे लावली की डेटा येईल. पूर्वी काही फोनमध्ये यायचाही. आता साठवण कूटबद्ध असते आणि तिची किल्ली फोनच्या त्याच मुख्य सर्किट बोर्डावर, त्याच प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप काढून वाचली तर हाती निव्वळ कचरा येतो. चोराच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोर्ड गेला की मालकही चोराच्याच रांगेत उभा राहतो.

यावर उत्तर येतं, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवा. गूगल फुकट देतं १५ जीबी, त्यात मेलही आले. त्यापुढे दरमहा पैसे. आणि आमच्याकडे शहर सोडून खोऱ्यात उतरलं की रेंज एका झाडाखाली मिळते आणि दुसऱ्याखाली जाते. तिथे व्हिडिओ वर चढवत बसणं कुणाला जमणार? मग दुकानदार सांगतात, २५६ जीबीचा घ्या. ए५६ आला तेव्हा त्याचे ४४,९९९ होते, म्हणजे तीन हजार जास्त. १२८ जीबीचं चांगलं कार्ड त्या तीन हजारांहून कमी पैशांत येतं. शिवाय पोटातली जागा कितीही वाढवली तरी बोर्ड गेल्यावर ती बोर्डाबरोबरच जाते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ए५५ मध्ये कार्ड आणि दोन साधी सिम एकत्र बसत नाहीत, कुठलं तरी एकच. आमच्या भागात एका कंपनीची रेंज गावात आणि दुसरीची घरात, त्यामुळे अनेकांना दोन सिम लागतातच; त्यांच्या फोनमध्ये कार्डाची जागा असून नसल्यासारखी. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम घेतलं तर सुटतं, पण म्हाताऱ्या माणसाला फोन बदलताना ते पुन्हा चालू करणं जड जातं. त्यात बाजारात खोटी कार्डं भरपूर. वर १२८ लिहिलेलं, आत आठसुद्धा नाही. भरत आलं की जुने फोटो गिळतं. आणि कार्ड घालूनही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये साठवण कार्डावर केलेली नसेल तर ते रिकामंच बसून राहतं. तरीही ज्याचा धंदा फोनमध्ये आहे, मग तो मंडपवाला असो, ठेकेदार असो की पिग्मी गोळा करणारा, त्याने ही ओळ वाचूनच फोन निवडावा. तुमच्या परीक्षणात ती दिसली पाहिजे ती इथे.

पुराचा विषय निघालाच आहे तर आयपी६७ या पाणी-धूळ रोखण्याच्या दर्जाबद्दलही. दोन्ही फोनना हा दर्जा आहे आणि तुम्ही 'पाण्यात पडला तरी चिंता नाही' असं लिहिलंय. तो दर्जा एक मीटरपर्यंतच्या स्वच्छ, गोड्या पाण्यात अर्धा तास, एवढ्यापुरता आहे. पुराचं गढूळ पाणी, गुहागरच्या समुद्राचं खारं पाणी, साबणाचं पाणी यांचा त्यात हिशेब नाही. आणि फोन एकदा उघडून नवीन डिंक नीट लावला नाही तर तो दर्जा तिथेच संपतो. ते 'चिंता नाही'चं वाक्य कृपया पुन्हा छापू नका. मला त्याचे परिणाम दुरुस्त करावे लागतात.

डिस्प्लेबद्दल तर तुमच्या परीक्षकांनी विचारच केलेला दिसत नाही. दोन्ही फोनना पुढेमागे काच आणि दोन्हींच्या पडद्याखाली बोटाच्या ठशाचा सेन्सर. पडदा फुटला की मूळ डिस्प्लेचा भाव ऐकून गिऱ्हाईक खुर्चीत बसतं. मग म्हणतं, स्वस्तातला बसवा. स्वस्तातली कॉपी एलसीडीची असते. रंग फिके, खालची कड जाड, आणि सेन्सर तिच्यातून आरपार पाहू शकत नाही म्हणून ठसा चालत नाही. हे आधी दोनदा सांगतो, तरी आठवड्याने फोन परत येतो : "काका, तुम्ही माझं बोट घालवलंत!"

इथे जुन्या मॉडेलचा फायदा आहे. दरवर्षी पडद्याचं माप थोडंसं बदलतं, त्यामुळे ए५५ चा डिस्प्ले, मागची काच, टफन ग्लास, कव्हर यातलं ए५६ ला काही बसत नाही. फोन जुना होत जातो तसा माल मुंबईत मनीष मार्केटला सुटा मिळू लागतो, मूळचा काढलेलाही मिळतो, आणि भाव खाली येतो. नव्या मॉडेलचा पडदा पहिल्या काही महिन्यांत फुटला तर मोठ्या खर्चाला तयार राहायचं.

मग जुनाच घ्यावा का? माझा सल्ला बहुतेकांना उलटा असतो, आणि त्याचं कारण तुमच्या तक्त्यात एका ओळीत आहे पण उलगडलेलं नाही. ए५५ ला कंपनीने चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट कबूल केले, ए५६ ला दोन्ही सहा. ही वर्षं मोजायची फोन बाजारात आला तेव्हापासून. तुम्ही खोकं कधी फोडलं याच्याशी त्यांचा संबंध नाही. ए५५ ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला तर सुरक्षा अपडेट साधारण मार्च २०२९ पर्यंत, म्हणजे जेमतेम साडेतीन वर्षं. ए५६ ला २०३१ च्या मार्चपर्यंत, जवळजवळ साडेपाच. समजा ए५५ अठ्ठावीस हजारांना मिळाला. वर्षाला आठ हजारांच्या वर पडतो. ए५६ पूर्ण ४१,९९९ मोजूनही वर्षाला पावणेआठ हजारांच्या आसपास. म्हणजे जुना साधारण साडेसव्वीस हजारांच्या खाली मिळाला तरच तो खरा स्वस्त. ए५६ वर ऑफर असेल तर भागाकार पुन्हा करावा. हातात यूपीआय आणि बँकेचं ॲप असलेल्या वडिलांना फोन द्यायचा असेल तर ही दोन वर्षं महत्त्वाची. अर्थात मधे कधीतरी बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च धरून ठेवावा.

जाता जाता, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हापासून लोक विचारतात, फोन किती उतरले? मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. फोन आधीही १८ वर होते, आजही १८ वरच आहेत. सेलच्या जाहिराती वाचून झालेला हा गोंधळ आपण एका चौकटीत दूर केलात तर बरं होईल.

आता मागणी. युरोपात २० जून २०२५ पासून नव्या फोनसोबत एक लेबल द्यावं लागतं. बॅटरी किती वेळा भरली तरी टिकते, पडल्यावर किती तग धरतो, दुरुस्तीला किती सोपा, याची माहिती त्यावर असते. ए५६ तिथेही विकला जातो, म्हणजे माहिती तयार आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने दुरुस्ती निर्देशांकाचा, म्हणजे दुरुस्तीला किती सोपा याच्या गुणांचा अहवाल मे २०२५ मध्येच दिला आहे. तो खोक्यावर कधी उतरेल तेव्हा उतरेल. तोवर आपल्या परीक्षणात तीन रकाने वाढवा : मागच्या मॉडेलमधलं काय काढलं, अपडेट कुठल्या तारखेला संपणार, आणि पडदा बदलायला अधिकृत केंद्रात आज किती पडतात. आणि जमल्यास एखादं परीक्षण वर्षभर वापरून झालेल्या फोनचं छापा. खोक्यातून काढल्यावर दुसऱ्या आठवड्यात सगळेच फोन चांगले असतात.

आपल्या परीक्षकांना दोन्ही फोन आतून पाहायचे असतील तर उघडून दाखवायला मी तयार आहे. फक्त दिवाळीच्या आठवड्यात येऊ नका, टेबलावर जागा नसते.

आपला,
एक नियमित वाचक
(मोबाइल दुरुस्ती, बाजारपेठ, चिपळूण)