फिजिओथेरपिस्ट ताईंना, लाल पेनवाल्यांकडून

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

दहावीचे गठ्ठे एकदाचे तपासून गेले, म्हणून आता निवांतपणे आभार. चहाच्या सुट्टीत शाळेत येऊन तुम्ही हातांचं मालिश शिकवलंत आणि मानधनाचा विषयही काढू दिला नाहीत. शिकवलेलं इतर शाळांतल्या परीक्षकांनाही मिळावं, म्हणून हे पत्र जाहीर.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दुखतात बोटं, पण आधी हात घालायचा तो कोपराखाली. बोटांत स्नायू नसतातच. बोटं मिटवणारे-उघडणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि तिथून कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, बोटांपर्यंत जातात. म्हणूनच नुसती बोटं ओढली, मोडली की घटकाभर बरं वाटतं आणि पुढच्या पाच पेपरांत हात पुन्हा भरून येतो.

हात टेबलावर पालथा, मनगटाखाली घडी घातलेला नॅपकिन. अंगठी-बांगड्या काढलेल्या. कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगटाच्या दिशेने तीन-चार बोटं सरकलं की मांसल भाग लागतो. तिथे दुसऱ्या हाताचा अंगठा टेकवून दहा सेकंद स्थिर दाब, आणि त्याच वेळी दाबलेल्या हाताची बोटं सावकाश मिटायची-उघडायची. अंगठ्याखाली स्नायू सरकताना कळतो. कळला नाही तर जागा चुकली. मग अंगठाभर पुढे. अर्ध्या वाटेनंतर थांबायचं, कारण पुढे बहुतेक कंडराच असतात.

पेन धरणाऱ्यांचं खरं दुखणं अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात. इथे बरेच जण तर्जनीखालचं हाड रगडतात आणि वर दुखतंय म्हणतात! अंगठा तर्जनीला चिकटवला की मळहातावर फुगवटा येतो, तो स्नायू. जागा हेरून अंगठा सैल सोडायचा आणि तो फुगवटा चिमटीत धरायचा. दाबणाऱ्या नखाचं टोक पांढरं पडेल इतकाच जोर. श्वास रोखला गेला तर जास्त झाला. गरोदर बाईंनी ही जागा सोडावी, असं ॲक्युप्रेशरवाले सांगतात, आणि सोडल्याने काही बिघडत नाही.

तळहातावर अंगठ्याखालचा उंचवटा गोल गोल चोळायचा, मळहातावर हाडांमधल्या चार खाचा बोटांकडून मनगटाकडे हलक्या हाताने. मनगटाच्या वळीवर मात्र जोर नाही. तिथल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. बोटं सगळ्यात शेवटी: दोन्ही कडांनी धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच सरकायचं, झटका न देता.

मनावरच्या ताणासाठीची तुमची युक्ती तर फारच साधी. कोपरापासून मनगटापर्यंत मोकळ्या तळव्याने एक हात फिरवायला आठ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर. हळुवार स्पर्श टिपणारे मज्जातंतू याच वेगाला चांगला प्रतिसाद देतात. भराभर चोळलं तर हात गरम होतो, मन नाही सैलावत. निकालाच्या घाईत आठ सेकंद किती लांब वाटतात, ते परीक्षकांनाच ठाऊक.

तेलाबद्दलची सूचना पेपर तपासणाऱ्यांसाठी सोन्यासारखी: गठ्ठा समोर असताना कोरडंच मालिश. उत्तरपत्रिकेवर तेलाचा डाग पडला तर कोणाला काय सांगणार? खोबरेल घरी, तेही दोन-तीन थेंब. जास्त झालं की पकड निसटते.

आणि कधी करू नये, तेही इथे लिहून ठेवतो. सांधा सुजलेला, गरम असेल तर नाही. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल, किंवा स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या हाताला नाही. रात्री अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मालिशच्या भरवशावर न राहता तपासून घ्यायचं.

पुढच्या मार्चमध्ये मॉडरेटर, म्हणजे आमचे तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या मंडळींसाठीही एक बॅच घ्याल का? खुर्च्या आणि नॅपकिन आमच्याकडे लागले.

आपले,
स्टाफरूममधले सगळे