सम-विषम नंबरानं नको, गरजेनं बोलवा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सोमवारपासून म्हणजे २४ जानेवारी २०२२ पासून शाळा परत उघडायला परवानगी मिळाली, निर्णय स्थानिक प्रशासनानं घ्यायचा असं ठरलं, हे वाचून खरंच जीव भांड्यात पडला. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेते. १ डिसेंबरला आमच्याकडं पहिली ते चौथी सुरू झाली, लेकरं जरा कुठं रुळायला लागली तोवर कोरोनाचा ओमिक्रॉन आला आणि परत कुलूप लागलं. आता उघडताना मागची चूक परत होऊ नये म्हणून लिहितेय, पत्र थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

डिसेंबरात आम्ही काय केलं, तर सम हजेरी नंबरवाले एक दिवस, विषमवाले दुसऱ्या दिवशी, आणि ज्यांची पाळी नाही त्यांना व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभ्यास. ऐकायला चांगलं वाटतं, सगळ्यांना सारखं. पण माझ्या वर्गाचा पट ३२ आणि त्यातल्या १३ घरांत दिवसा फोनच नसतो. म्हणजे फोनवाल्या लेकराचा अभ्यास आठवड्याचे सहाही दिवस चालू आणि बिनफोनवाल्याचा तीनच दिवस, बाकी तीन दिवस ते शेळ्यांमागं नाहीतर धाकट्या भावाला सांभाळत बसलेलं. बोलावलं दोघांनाही सारखंच, पण महिन्याभरात दोघांतलं अंतर मला वहीत दिसायला लागलं.

एक मुलगी आहे वर्गात, वडील गवंडीकाम करतात, घरात फोन एकच आणि तो सकाळी साडेसातला त्यांच्या खिशात जातो. रात्री साडेआठ-नऊला तिच्या वहीचा फोटो येतो, बल्बच्या उजेडात काढलेला, अर्ध्या पानावर अंगठा आलेला, आणि खाली तिच्या आवाजात 'मॅडम, झालं'. लेकरू झोपेला आलेलं असतं हे आवाजावरून कळतं. आणि हे घर तरी बरं म्हणायचं, कितीतरी घरांत रिचार्ज संपला की पंधरा दिवस काहीच येत नाही.

दुसरा एक मुलगा. शाळा बंद झाल्या तेव्हा मार्च २०२० मध्ये तो अंगणवाडीत होता, पहिली अख्खी घरात गेली, डिसेंबरात आला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसला. सह्याद्री वाहिनीवर अभ्यासाचा टिलीमिली कार्यक्रम लागायचा ना, तो हा शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून बघायचा, त्यातली गाणी त्याला तोंडपाठ. पण पाटीवर क काढला तर ओळखेना, आणि पेन्सिल मुठीत अशी धरली होती की पाटीवर रेघोट्याच उमटत होत्या. मी मागं बसून त्याची बोटं धरून शिकवत होते, हे मला फोनवरून कसं जमणार होतं सांगा. पहिली-दुसरीचं शिक्षण म्हणजे बोटं धरायचंच शिक्षण आहे हो.

मागच्या ऑगस्टमध्ये (२०२१) अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज, रितिका खेरा वगैरे मंडळींनी १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये पाहणी केली, त्यात खेड्यातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलं अजिबातच शिकत नव्हती. मला त्या आकड्यांचं आश्चर्य वाटलं नाही, माझ्याकडं ते नावानिशी आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वर्गात जागा कमी असेल तर ती हजेरी नंबर बघून वाटू नका. पहिली-दुसरीला रोज बोलवा. वरच्या वर्गात ज्यांच्या घरी दिवसा फोन नाही त्यांना रोज, आणि बाकीच्यांना आलटूनपालटून. यादी वर्गशिक्षकाकडंच राहू द्या, फळ्यावर लावू नका, नाहीतर 'बिनफोनवाले' असं नाव पडायचं आणि लेकरं यायचीच बंद होतील. ज्यांच्या घरात आजारी म्हातारं माणूस आहे आणि म्हणून आईवडील पाठवत नाहीत त्यांना संमतीपत्रासाठी गळ घालू नका, त्यांना आठवड्याचा अभ्यास कागदावर घरपोच द्या. आणि मास्तरांना शिकवता शिकवता ऑनलाइनही घ्यायला लावू नका, मी एकदा फोन टेबलावर उभा करून करून बघितलं, समोरची लेकरंही गेली आणि फोनवरचीही.

आता सुरक्षेचं. पंधरा वर्षांखालच्यांना अजून लस नाही, १५ ते १८ वाल्यांना आत्ता ३ जानेवारीपासून मिळायला लागली. म्हणजे लहानांची काळजी मोठ्यांनीच घ्यायची. सगळा जोर थर्मल गन आणि सॅनिटायझरवर आहे पण हा आजार हवेतून पसरतो आणि आमच्या वर्गाच्या चारपैकी दोन खिडक्या गंजून बंद पडल्यात, त्या उघडायला सुताराचा अर्ध्या दिवसाचा खर्च. ग्रामपंचायतीनं तेवढं आधी करावं. बाकी थंडीचं ऊन आहे, व्हरांडा आहे, लिंबाचं झाड आहे, निम्मा वर्ग बाहेर बसू शकतो. डबा खाताना मास्क निघतात तेव्हा तरी बाहेरच बसवा. छोटी लेकरं मास्क चावून ओला करतात, दप्तरात एक कोरडा जास्तीचा ठेवायला सांगा. आणि ताप आला तर घरी ठेवा, गैरहजेरी धरणार नाही, हे पालकांना आपण तोंडानं सांगायला पाहिजे, कारण खोकला लपवून पाठवणारे पालक वाईट नसतात, त्यांना लेकराची हजेरी जायची भीती असते.

माझ्या वर्गातली चार लेकरं दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेली, हातात शिक्षण हमी पत्रक (जातील तिथल्या शाळेत बसवून घ्यावं म्हणून दिलेला कागद) देऊन पाठवलंय. कारखान्याजवळच्या शाळांना माझी हात जोडून विनंती आहे, तुमच्या सम-विषमच्या यादीत त्यांचं नाव नसेल, तरी कोपीवरून (ऊसतोड्यांच्या झोपडीवरून) ती आली तर त्यांना बसवून घ्या.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक परवा आहे. सगळ्यांना रोज जागा झाली नाही तर म्हणून दिवसा फोन नसलेल्या तेरा लेकरांची यादी मी करून ठेवलीय, पहिलं नाव त्या पेन्सिलवाल्या मुलाचं आहे.

आपली,
जि. प. शाळेतली एक शिक्षिका, बीड जिल्हा