क्सिनोमाव्रोविषयी मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ग्रीसमधील लाल वाइनपैकी एखादीच चाखायची झाली तर कोणती, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. माझे उत्तर क्सिनोमाव्रो या काळ्या द्राक्षवाणाची वाइन हेच आहे, आणि तू स्वतः द्राक्षबागाईतदार असल्यामुळे ते तुला सांगताना मला विशेष आनंद होत आहे.

उत्तर ग्रीसमधील मॅसिडोनियात वेर्मिओ पर्वताच्या पूर्व उतारावर नाउसा हे गाव आहे. या नावाला 1971 साली उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले, आणि तेथील वाइन केवळ याच वाणाची असावी लागते. बुतारी घराण्याचा वाइनचा व्यवसायही 1879 मध्ये येथेच सुरू झाला. वाण मात्र मोठा हट्टी आहे. वेल जोमाने वाढते आणि घडही भरपूर धरते; परंतु विरळणीत हात आखडला, तर वाइन पाणचट होते. शिवाय तो उशिरा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पिकतो; ऐन तोडणीच्या तोंडावर आभाळ भरून आले की जिवाची काय घालमेल होते, हे तुला मी सांगायला नको.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून पाहा. मणी काळे असूनही रंग फिकाच असतो, आणि थोड्याच वर्षांत कडेला विटकरी छटा येते. वासात वाळवलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह जाणवतात. पहिल्या घोटालाच टॅनिनचा, म्हणजे साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा हिरड्या आवळून धरतो आणि मागोमाग आंबटपणा येतो. फिका रंग पाहून तिला कोणी हलकी समजू नये, असे मला कळकळीने वाटते, कारण याच आम्लतेच्या आणि टॅनिनच्या बळावर चांगली नाउसा दहा-पंधरा वर्षे सहज टिकते. जाणकार तिची तुलना इटलीच्या नेबियोलो या द्राक्षाच्या वाइनशी करतात, आणि ती मला रास्त वाटते.

वेर्मिओच्या पलीकडे, सुमारे 600 मीटर उंचीवरील अमिंदेओच्या पठारावर, हाच वाण अधिक नाजूक वाइन देतो. तेथे त्याची गुलाबी आणि फेसाळ वाइनही होते. तेथील वाळूत फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड फारशी तग धरत नाही, म्हणून खुंटावर कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली अजून तेथे टिकून आहेत. तुझ्या नाशिकच्या बागेतील खुंटांचा अनुभव पाहता, अशा वेलींविषयी तुझे मत जाणून घ्यायला मला फार आवडेल.

नाउसा मिळाली, तर जेवणाआधी तासभर बाटली उघडून ठेव आणि सोबत भाजलेले मटण कर. झणझणीत रस्सा मात्र नको, तिखटाने टॅनिन अधिकच बोचते.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश