खुंटीवरची टोपी

महाल, नागपूर
मारबत होऊन चार दिवस झाले

प्रिय बाळ्या,

आधी शिव्या घालून घे. काकूंच्या तेरवीला येतो म्हणालो अन् आलो नाही, वरून तुझे तीन फोन उचलले नाहीत. कारणं आहेत, पण तुला सांगावं असं एकही नाही. बीपी गोळीवर चालू आहे, आईचे गुडघे जसे होते तसेच. तब्येतीचं एवढंच. हे फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतोस अन् मागून वहिनी हसतात.

तर झालं असं, की यंदा आपल्या गल्लीचा बडग्या मी होतो.

पोट्टे आठ दिवसांपासून मागच्या वाड्यात बांबू अन् पेपर घेऊन काहीतरी करून राहिले होते. आमचे चिरंजीवही त्यातच. वर्गणी मागायला आला तर मी पाचशे काढून दिले. कशावर करून राहिले म्हणून विचारलं तर म्हणे, "सरप्राइज आहे, बाबा." माझेच पाचशे!

सकाळी पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून निघाल्याची बातमी आली तसा मी नेहमीप्रमाणे इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ जाऊन उभा राहिलो, काळी-पिवळीची भेट पाहायला. काय गर्दी ती! बाया कडेवरची लेकरं मारबतीच्या पायाला लावून राहिल्या होत्या. पिवळी 1885 पासून निघते, काळी तर त्याच्याही आधीची. शेजारी पुण्याहून आलेला एक पोरगा सगळं मोबाईलमध्ये घेत होता, त्याला मी हे ज्ञान दिलं, वरून हेही, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जायला मारबतीचे पुतळे निघतात, अन् ज्यांच्यावर लोकांचा राग असतो त्यांचे पुतळे म्हणजे बडगे. तुला माहीतच आहे, मला ऐकणारा मिळाला की मी सोडत नाही. तेवढ्यात मागून आपल्या गल्लीचा डीजे आला अन् त्यामागे ठेल्यावर बडग्या. दहा फूट उंच, पोट पुढे, हातात लेव्हलची दुर्बीण, गळ्यात पाटी: "रोड वर, घर खाली, साहेबाची सही झाली!" अंगावर बदामी सफारी.

माझा सफारी, बाळ्या. रिटायरमेंटच्या दिवशी घातलेला. बायकोनं भांडेवालीला द्यायला काढून ठेवला होता, त्यातून पोरानं उचलला. तिला माहीत होतं. म्हणते, "मला वाटलं, पेपर भरायला नेला."

पोरं ओरडत होती, "खोटी लेव्हल घेऊन जा गे मारबत!" पुण्याचा पोरगाही ओरडत होता. मीही ओरडलो. काय करणार, सगळेच ओरडत होते.

तू विचारशील, एवढं काय झालं? बडगे सगळ्यांचेच निघतात. मंत्र्यांचे निघतात, महागाईचे निघतात. खरं आहे. पण रोडचं तुला पूर्ण माहीत नाही. गल्लीतला सिमेंट रोड आमच्याच खात्यानं केला. जुना डांबरी खोदलाच नाही, त्याच्यावरच ओतला. आता रस्ता दाराच्या उंबऱ्याच्या दीड फूट वर आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला, अर्ध्या शहरात पाणी शिरलं, तेव्हासुद्धा आपल्या गल्लीत घोटाभरच होतं. रोड झाल्यापासून साध्या पावसात तुमच्या जुन्या घराच्या देवघरात बेडूक येऊन बसतात. लेव्हल मी घेतली होती. खोदून करा, असं फाईलवर लिहिलंही होतं. फाईल वर गेली अन् वेगळाच कागद लागून परत आली. रिटायरमेंटला सात महिने होते. मी सही केली.

घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. पोराला कुठून कळलं, देव जाणे. का कळलंच नाही, नुसता अंदाजानं बाण मारला? हे विचारायची हिंमत होत नाही. चार दिवसांपासून तो अन् मी "जेवलास का", "हाव", एवढंच बोलतो.

आता मुद्द्याचं. 1982. कंट्रोलचं दुकान. "साखर संपली महाराज." आठवलं ना, लबाडा? बाबांच्या दुकानावर पाटी असायची, "माल आला नाही." तीच पाटी आपण बडग्याच्या गळ्यात घातली अन् डोक्यावर त्यांची काळी टोपी ठेवली. खुंटीवरून टोपी कोणी काढली, यावरून आपण दोन वर्षं बोललो नाही. तुझ्या लग्नात पंगतीलासुद्धा हाच विषय निघाला होता अन् वहिनींच्या मामांनी मध्ये पडून मिटवला होता. एक मात्र आपण दोघंही धरून होतो, की बाबांनी काही ओळखलं नाही. ते दुकानाच्या पायरीवर उभे होते, बडग्या समोरून गेला, अन् ते आत गेले. ओळखलं असतं तर मारलं नसतं का?

परवा रात्री आई अंगणात बसली होती. मी सफारीचं सांगितलं तर तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "तुझे बाबा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, पोट्ट्यानं टोपी बरोबर वाकडी ठेवली बरं का, मी ठेवतो तशीच. मग म्हणाले, भूक नाही. झोपले तसेच." दुसऱ्या दिवशी इतवारीतून नवी टोपी आणली. मला म्हणाले होते, जुनी बसमध्ये राहिली.

आणि बाळ्या, त्यांचा माल खरंच आला नव्हता रे. आईनं तेही सांगितलं. ट्रक महिनाभर आलाच नव्हता, घरातही गुळाचा चहा होता. मला तो चहा आठवतो. तो कशासाठी होता, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही. त्यांना फुकट मिळालं अन् मला हिशेबानं मिळालं. पोरावर रागवावं तर कोणत्या तोंडानं?

तुझं ऑपरेशन कसं झालं? डोळ्याचंच ना? धाकटीचं जमलं, असं वहिनींच्या स्टेटसवर पाहिलं, अभिनंदन. मुलगा कोण, काय करतो, सविस्तर लिही. या वेळी नक्की येतो. ही थाप नाही, आईची शपथ. (आई म्हणते, माझी शपथ घेऊ नको.)

अजून एक. टोपी मीच काढली होती. तू ओट्यावर लक्ष ठेवून उभा होतास, आत मी गेलो होतो. पंगतीत शपथेवर उलटं बोललो होतो. मामांनाही सांगून टाक, असले तर.

तुझा,
दिल्या

ता. क. तान्ह्या पोळ्याचा बोजारा मागायला यंदा तुझ्या घरच्या भाडेकरूंची नात आली होती. तिच्या नंदीचं एक शिंग मोडलेलं होतं. तुझ्यातर्फे पन्नास दिले, हिशेबात धर.