‘खुशी’ कसली, ही वसुली आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात माझ्या भावजयीची डिलिव्हरी आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात झाली. पहाटे चारला बाळ रडल्याचा आवाज आला, आम्ही सगळे लेबर रूमच्या दाराशी उभे, आणि मावशी बाळाला टॉवेलात गुंडाळून बाहेर आल्या तर हातात न देताच म्हणाल्या, मुलगी झालीय, पाचशे द्या, मुलगा असता तर हजार घेतले असते. भावाने खिसे चाचपले, दोनशे निघाले. मावशी तशाच उभ्या. शेवटी आईने कनवटीचे पैसे काढले तेव्हा पोर हातात आलं. जन्मून दहा मिनिटं नाही झाली तर तिचा रेट ठरलेला, तोही मुलाच्या निम्मा, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये.

मग स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना शंभर, दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी कागद हातात पडायला अजून शंभर. याला कुणी लाच म्हणत नाही, खुशी म्हणतात, चहापाणी म्हणतात. अहो पण खुशी देणाऱ्याच्या मनाने असते ना?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे, त्यात डिलिव्हरी, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी सगळं फुकट. आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केस पेपरचे पैसेही बंद झाले. म्हणजे ज्याची पावती मिळायची ते बंद आणि बिनपावतीचं जोरात चालू.

त्या मावशी कंत्राटावर आहेत, तीन महिने पगार नाही असं त्यांनीच नंतर सांगितलं. ते खरं असेल तर त्याचा जाब ठेकेदाराला विचारा, बाळंतिणीच्या घरच्यांकडून कशाला भरून काढता?

तक्रार करा म्हणणं सोपं आहे. लाचलुचपत विभागाचा 1064 नंबर आहे, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर जबरदस्तीने पैसे द्यावे लागले आणि सात दिवसांत कळवलं तर देणाऱ्यावर गुन्हा होत नाही, हेही मला आत्ता शोधल्यावर समजलं. पण पेशंट आत असताना फोन कोण करणार, तिचं इंजेक्शन, बाळाचं वजन सगळं त्यांच्याच हातात असतं.

माझी मागणी एवढीच, की हा नंबर आणि ‘बाळ दाखवायला पैसे मागणं हा गुन्हा आहे’ असं मोठ्या अक्षरात लेबर रूमच्या दारावरच लिहा, ऑफिसच्या भिंतीवर नको, आणि सुट्टी झाल्यावर आठवड्याच्या आत जिल्ह्याच्या ऑफिसातून घरी एक फोन करून विचारा, किती दिले आणि कुणाला.

दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दीड महिन्याच्या डोसाला पोरीला घेऊन तिथंच जायचंय.

– एक वाचक, मराठवाडा