काका, त्या झिजलेल्या ग्रोशनबद्दल मनापासून आभार

प्रिय काका,
सा. न.

जर्मन नाण्यांचा नाद लागलेल्या नवख्या माणसाला लोक बहुधा टालर ही चांदीची मोठी, झळझळीत नाणी दाखवतात. तुम्ही मात्र माझ्या तळहातावर प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा झिजलेला १ सिल्बरग्रोशन, म्हणजे टालरची चिल्लर, ठेवलात आणि म्हणालात, "आधी हे नीट वाच." त्याबद्दल आज सगळ्यांसमोर तुमचे आभार मानायचे आहेत.

तीस ग्रोशनचा एक टालर, हे त्या नाण्यावरच लिहिलेलं. खाली बर्लिनच्या टांकसाळीचं 'ए' हे अक्षर. राजाच्या गालावर मात्र तांबूस झाक. हजारात जेमतेम २२२ भाग चांदी, बाकी तांबं. वरचा पांढरा थर झिजला की ते डोकावतं. भिंग हातात देऊन तुम्ही हे दाखवलंत आणि "घासायचं नाही हं," असं बजावलंतही.

मग शेजारी सॅक्सनी या दुसऱ्या जर्मन राज्याचा नोयग्रोशन ठेवलात. टालरला हेही तीसच, पण प्रशियात ग्रोशनचे १२ फेनिग आणि सॅक्सनीत १०! दक्षिण जर्मनीत तर टालरऐवजी ६० क्रॉइत्सरचा गुल्डन. जर्मन राज्यांमधल्या १८३८ च्या ड्रेस्डेन नाणे-करारानं २ टालर म्हणजे साडेतीन गुल्डन ठरले, म्हणजे एका ग्रोशनला साडेतीन क्रॉइत्सर. बर्लिनहून म्युनिकला जाणाऱ्याला साधी मोड घेताना केवढा हिशेब करावा लागत असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि रॉइस! मध्य जर्मनीतल्या थुरिंगियातलं एवढंसं संस्थान, त्यातही थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि घराण्यातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिख. राज्य मिळो न मिळो, क्रमांक सगळ्यांना. म्हणून १८५४ साली धाकट्या पातीच्या गादीवर आला तो हाइनरिख ६७वा. अशा घराण्यांची चिल्लर मला आता टालरपेक्षा प्यारी वाटते.

१८६६ मध्ये प्रशियानं हॅनोव्हर, नासाऊ, फ्रँकफुर्ट ही राज्यं गिळली, १८७३ च्या कायद्यानं सगळ्या जर्मनीत मार्क हे एकच चलन आणलं आणि ही सगळी नाणी मागे पडली. ती ओळखायची नजर तुम्ही दिलीत, तीही एक पैसा न घेता, रविवारची दुपार खर्चून.

पुढच्या महिन्यात येतो आहे. दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग राज्याची ३ क्रॉइत्सरची काही नाणी मिळालीत. ती तुमच्या भिंगाखाली घालायची आहेत. काकूंना नमस्कार.

तुमचा,
सिल्बरग्रोशनवाला पुतण्या