तापकीर गल्लीतल्या दादांना

दादा, नमस्कार.

आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही, कोण जाणे. भर उन्हाळ्यात दुपारी आलेली बापलेक; बाबांच्या कानात मशीन, हातात रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह. तुमच्याकडून नेलेला तो छोटा कॉम्प्युटर आता टीव्हीखाली बसलाय, बाबा त्याच्यापुढे बसलेत, आणि मला हे लिहिल्याशिवाय चैन पडत नाहीये.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका काचेच्या, गारेगार शोरूममध्ये जाऊन आलो होतो. तिथे पहिला प्रश्न, ‘बजेट किती?’ दुसरा प्रश्न नव्हताच. टीव्ही फोर-के, म्हणजे खूप बारीक चित्राचा, आहे म्हटल्यावर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रासाठीचं वेगळं कार्ड, घ्यावंच लागेल, असं त्यांचं म्हणणं. मग त्याला तगडा पॉवर सप्लाय, त्यासाठी मोठं कॅबिनेट आणि कॅबिनेटला सातरंगी दिवे. आकडा गेला सत्तर हजारांच्या घरात. बाबांनी सरळ मनानं विचारलं, ‘हे दिवे बंद करता येतात का हो?’ तो मुलगा माझ्याकडे बघून हसला, बाबांना उत्तरच दिलं नाही. तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

तुम्ही बजेट विचारलंच नाहीत. ‘काका, बघता काय तुम्ही?’ असं थेट बाबांनाच विचारलंत. बाबा खुलले. यूट्यूबवरची कीर्तनं, नाट्यसंगीत, लग्नाच्या कॅसेटींवरून करून घेतलेल्या फाइली, आणि माझ्या भावानं न्यू जर्सीहून पाठवलेले नातवाचे व्हिडिओ. आमच्या जुन्या डेस्कटॉपवर हेच व्हिडिओ अडखळायचे; आवाज पुढे, पोरगं मागे. तुम्ही पेनड्राइव्ह लावलात आणि म्हणालात, ‘आयफोन ना? बारा किंवा पुढचा असणार.’ तो फोन एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-रंगांचे जास्त बारकावे टिपत, चित्रीकरण करतो, फाइल १०-बिट एचईव्हीसी या दाबून लहान केलेल्या प्रकारची असते, आणि ती उलगडायची सोय इंटेलच्या चिपमध्येच पुरती बसवलेली आली ती सातव्या पिढीपासून. सहाव्या पिढीत ८-बिटपर्यंतच सगळं सुरळीत. एवढी एकच गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगितली असती तर आमची पायपीट वाचली असती.

कंपन्यांनी वापरून काढलेल्या लॉटमधून आलेली, पुस्तकाएवढी दोन मशीन तुम्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलीत. एक सहाव्या पिढीचं, एक सातव्या, दोन्ही आय-३, म्हणजे इंटेलच्या साध्या चिपची, बाहेरून जुळी भावंडं. दोन्हींवर नातवाचा तोच व्हिडिओ लावलात. आणि मग, दादा, तुमची नजर बाबांच्या कानाकडे गेली. काही न बोलता तुम्ही उठलात आणि दुकानातला पंखा बंद केलात.

मे महिना, पत्र्याचा माळा, घामानं आमचे कपडे अंगाला चिकटलेले. पण पंखा थांबला तेव्हा कुठे ऐकू आलं: सहाव्या पिढीचं मशीन तो व्हिडिओ चालवता चालवता तापून घुंऽऽ करायला लागलं होतं. दुसऱ्याच्या जाळीला कान लावावा तेव्हा आवाज. कानातलं मशीन घालणाऱ्याला घरघर आधी ऐकू येते आणि बोलणं नंतर, हे आम्हाला घरात रोज दिसतं. ते तुम्हाला कसं सुचलं, मी विचारलं नाही. बाबा पूर्ण व्हिडिओभर डोळे मिटून ऐकत होते, आणि तुम्ही कपाळावरचा घाम पुसत शांत उभे. मागे दोन गिऱ्हाइकं चुळबुळत होती, त्यांनाही थांबवलंत.

मग ७१००टी ही आय-३ चिप असलेलं ते सातव्या पिढीचं मशीन घ्यायचं ठरलं. त्याहून वरची आय-५ मागायला मी तोंड उघडलं, तर तुम्हीच म्हणालात, ‘ताई, दोघांतली चित्राची चिप एकच आहे, उगाच का जास्त देता?’ रॅम ८ जीबी, छोटी एसएसडी, सिनेमे घरच्याच हार्ड डिस्कवर. नऊ हजारांत काम झालं. त्यात काय नाही तेही विचारण्याआधी सांगितलंत: एव्ही१ या नव्या प्रकारचे व्हिडिओ उलगडायची सोय यात नाही, ती हवी तर अकरावी पिढी किंवा इंटेलचीच एन१०० चिप बघा, नेटफ्लिक्सचं फोर-के टीव्हीच्या ॲपवरच बघा, त्यासाठी या डब्यावर पैसे घालू नका, टीव्हीचा रिमोट याला चालणार नाही, यूएसबीचा वेगळा घ्या. डब्याच्या डिस्प्लेपोर्टमधून टीव्हीच्या एचडीएमआयला जोडायचा साधा कन्व्हर्टर तुमच्या समोरच लटकत होता. तो तुम्ही विकला असतात तर आम्ही मुकाट्यानं घेतला असता आणि घरी फोर-के चित्र सेकंदाला ३० फ्रेमवर अडकलं असतं. ‘ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, माझ्याकडे नाहीये, पलीकडच्या दुकानात मिळेल,’ म्हणालात. शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक पाठवणारा दुकानदार! बुधवार पेठेत हे घडलं म्हणून सांगितलं तर निम्मं पुणं विश्वास ठेवणार नाही.

धंदा म्हटला की चार पैसे सुटायलाच हवेत, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण म्हातारं माणूस काउंटरशी उभं असताना त्याच्याशीच बोलायचं, बरोबर आलेल्याशी नाही, एवढी साधी माणुसकी हल्ली बँकेत दिसत नाही, दवाखान्यात दिसत नाही. डॉक्टर मला विचारतात, ‘यांना झोप लागते का?’ अहो, समोरच बसलेत ना ते!

कोडी, म्हणजे टीव्हीवर व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर, बाबांना पहिल्याच संध्याकाळी जमलं. आता नातू पळतो तसा पळतो, बोलतो तेव्हाच बोलतो. आईची एकच तक्रार आहे की जेवायला हाक मारली तरी हे उठत नाहीत, आणि यावेळी कानाचं निमित्तही चालत नाही.

टेस्टिंग वॉरंटीचा महिना संपत आलाय, पण तुमच्याकडे यायची वेळ काही आली नाही. येत्या शनिवारी मात्र आमच्या सोसायटीतले एक काका येतील, बाबांनीच पत्ता दिलाय. ग्राफिक्स कार्डाशिवाय सिनेमा दिसत नाही असं त्यांच्या डोक्यात कोणीतरी भरवून दिलंय. जरा सांभाळून घ्या.

आपली,
नातवाच्या व्हिडिओवाल्या काकांची मुलगी